व्हीएलसी प्लेअर: पाचपैकी पाच, आणि स्टार कापणाऱ्यांशी थोडं बोलायचंय

गेल्या महिन्यात ताईच्या लग्नाच्या २००३ च्या व्हीसीडी माळ्यावर सापडल्या, आईला लगेच बघायच्या होत्या. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, शेजारच्या दादाकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, आत सगळ्या डॅट फाइली (व्हीसीडीवरचे व्हिडिओ त्याच प्रकारात असतात), त्या लॅपटॉपमधल्या प्लेअरला उघडेचनात. व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये एक टाकली आणि पुढच्या सेकंदाला कार्यालयातली सनई सुरू! कोडेक (व्हिडिओ चालायला लागणारं जोड-सॉफ्टवेअर) शोधा, अकाउंट काढा, जाहिरात बघा, काही म्हणजे काही नाही. आजी दिसल्यावर आईने पदर डोळ्यांना लावला.

नंतर प्ले स्टोअरवर रिव्ह्यू लिहायला गेलो तर एक स्टारवाले दिसले. अमुक फीचर अजून का नाही, लगेच द्या नाहीतर अनइन्स्टॉल करतो. अरे पण कोणाला दम देताय? १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघता यावा म्हणून हे सुरू केलं, २००१ पासून कोड सगळ्यांना खुला आहे, आणि आज ते व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था चालवते, बरंचसं काम स्वयंसेवकांचं. जाहिराती घालण्यासाठी कोट्यवधी युरोंच्या ऑफर आल्या, त्यांचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त केम्फ यांनी नाही म्हटलं. तो पैसा घेतला असता तर आमच्या मंगलाष्टकांच्या मध्येच रमीची जाहिरात आली असती, याचा विचार करा जरा.

उणीवा आहेत, नाही कोण म्हणतंय. कॉम्प्युटरवरचं रूप जुनाट वाटतं, तिसरी आवृत्ती २०१८ ची, चौथीची वाट लोक वर्षानुवर्षं बघतायत. पण नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्याला तारीख कशी मागायची? काही मागायचंच तर बग, म्हणजे ॲपमधला बिघाड, नीट लिहून द्या, फाइल जोडा, कुठल्या फोनवर झालं ते सांगा, त्याने काम खरंच हलतं. मराठी भाषांतरालाही हात लावता येतो, त्याला कोडिंग यावं लागत नाही.

मी पाचशे रुपये पाठवले. इतकी वर्षं वापरून पहिल्यांदाच, आधीच पाठवायला हवे होते.

आणि कॉम्प्युटरवर डाउनलोड फक्त व्हिडिओलॅन डॉट ओआरजीवरूनच करा. २०२२ मध्ये ती साइट भारतात कित्येक महिने ब्लॉक होती, संस्थेने कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरात उघडली. आता ती नीट चालते, देणगीचं बटणही तिथेच आहे.