भरती कुठे करायची: रत्नागिरीला की जवळच्या नर्सिंग होममध्ये?

कुडाळ-सावंतवाडीकडे घरातल्या कुणाला मानसिक आजारासाठी भरती करायची वेळ आली की बहुतेकदा घोळ दोन ठिकाणांत होतो. एक रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय (राज्यात अशी चारच, बाकीची ठाणे, पुणे, नागपूरला), दुसरं जवळपासचं खाजगी नर्सिंग होम. खर्च आणि अंतराचा हिशोब सगळेच करतात. पेशंट तिथे सुरक्षित राहील का, हे विचारायचं राहून जातं.

दारू अचानक बंद होऊन हातपाय थरथरताहेत, भास होताहेत, फिट आलीय, अशी केस असेल तर ही दोन्ही ठिकाणं बाजूला ठेवा आणि आधी फिजिशियन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. त्यात जीव जाऊ शकतो.

नर्सिंग होममध्ये घरचं माणूस सोबत राहू शकतं. जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी भीती असेल तर हा मोठाच आधार. पण रात्रीची राखण बहुधा त्याच माणसावर पडते, आणि तिसऱ्या रात्री आत्याला डुलकी लागणारच. म्हणून थेट विचारा: रात्री जागं कोण असतं, किती मिनिटांनी येऊन बघतात, नोंद कुठे करतात? बाथरूमची आतली कडी लावली तर दार बाहेरून उघडतं का, तेही करून बघा. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे.

मनोरुग्णालयात कर्मचारी पाळीपाळीने असतात, त्यामुळे एकाच माणसाच्या झोपेवर सगळं अवलंबून नसतं. मात्र वॉर्ड मोठा, पेशंट जास्त. एकावर कितपत लक्ष राहतं ते तिथेही विचारायलाच हवं. नुसत्या कुलपावर विसंबू नये. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले 28 जण पळू न शकल्याने गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंड आणि एकांतात कोंडणं या दोन्हींना बंदी आहे. तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेवढ्यापुरतंच, तेही साखळीशिवाय, बांधता येतं. त्यालाही मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, कारणासकट नोंद लागते. दोन्ही ठिकाणी नियम हाच. "कधीतरी बांधावं लागतं हो," असं कुणी सहज म्हणालं तर ती नोंद दाखवायला सांगा.

माझं मत: पेशंट स्वतः भरतीला तयार असेल आणि घरात आळीपाळीने जागणारी दोन माणसं असतील तर जवळचं बरं. अंगावर धावून जातोय, पळून जातोय, घरचे थकलेत, तर रत्नागिरी.

डिस्चार्जनंतर मात्र जवळचंच सोयीचं, कारण घरी आल्यावरचे पहिले आठवडे फार जोखमीचे असतात. गणपतीला घरी न्यायची घाई डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. निघण्यापूर्वी पुढची तारीख हातात घ्या. घरातल्या गोळ्या आणि आंबा-काजूच्या फवारणीचं औषध कुलपात जाऊ दे, किल्ली दुसऱ्याकडे. रात्री-अपरात्री गरज लागली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये ठेवा.