बागेतल्या भिंतीवर लाकडी बाक: थेट, फ्रेमवर की वेगळ्या पायांवर?

इंदूरला अंगण दोन पातळ्यांवर असलं की मधे माती अडवायला दीड-दोन फुटांची भिंत येते, आणि तिच्यावर बाक करावा असं हमखास वाटतं. बसायला सोयीची उंची साधारण १८ इंच, खोली १६ ते १८ इंच. भिंत त्या मापाच्या जवळपास असेल तर निम्मं काम झालेलंच असतं. नुसती कोटा फरशी टाकली तर स्वस्त पडेल, टिकेलही. पण मे महिन्यात दिवसभर तापलेली फरशी रात्रीची जेवणं झाली तरी गरम लागते. लाकूड लवकर निवतं. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीची, झुळूक अंगणात बसून घ्यायची असेल तर लाकडावर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र पहिला प्रश्न लाकडाचा नाही, भिंतीचा आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि ही ओढाताण भिंत दरवर्षी सोसते. आधी ओळंबा लावून पाहा. भिंत पुढे झुकली असेल, आडवी चीर गेली असेल किंवा पाणी निघायच्या नळ्या पावसातही कोरड्या राहत असतील, तर आधी भिंत दुरुस्त करा, बाकाचं नंतर.

भिंतीच्या माथ्यावरच पट्ट्या ठोकून वर फळ्या मारणं सगळ्यात स्वस्त. पण पट्टीखाली पाणी साचून राहतं आणि लाकूड खालून, न दिसणाऱ्या बाजूने कुजतं. शिवाय वरच्या थरातल्या विटा खिळ्यांनी हलतात. वर छप्पर असेल तर चालेल, उघड्यावर नको.

भिंत भक्कम असेल तर मी लोखंडी बॉक्स पाइपची फ्रेम निवडेन. माथ्यावर चार इंची काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या आणि अँकर बोल्ट त्यातच, कडेपासून दूर, मधोमध घ्या. फळ्यांखालून वारा खेळतो, लाकूड लवकर वाळतं. इथे एक गोष्ट वेल्डरला बजावून सांगा. नऊ इंची भिंतीवर सोळा इंची बैठक म्हणजे सात इंच बाहेर येणारच. ती सगळी पुढे काढली तर बसणाऱ्याचं वजन भिंतीला त्याच दिशेला कलंडवतं, जिकडे मागची माती तिला आधीच ढकलत असते. म्हणून पुढे दोन-तीन इंचच काढा, बाकीचं मागे घ्या. मागची माती बैठकीपासून चार-पाच बोटं खाली ठेवा, लाकूड मातीला टेकलं की वाळवी आलीच.

भिंत जुनी असेल किंवा दोन फुटांहून उंच, तर बाक तिच्यापुढे स्वतःच्या पायांवर उभा करा. उंच भिंतीवर बसलं की पाय लोंबकळतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना तर चढवतच नाही. अंगणातली दीड फूट जागा जाते खरी, पण भिंतीवर भार येत नाही. काळ्या मातीत एखादा पाय खचला तरी खाली पत्रा सारून बाक पुन्हा समतल करता येतो.

लाकडात सागवानच घ्या, पण फळीचं टोक पाहून. कडेचा पांढुरका भाग असेल ती फळी परत करा, वाळवी आणि बुरशी आधी तिथेच लागते. साल वृक्षाचं लाकूड स्वस्त आणि मजबूत, पण नीट वाळलेलं नसेल तर पीळ मारतं आणि आधी भोक न पाडता स्क्रू घातला तर तडकतं. साध्या पाइनचं उघड्यावर काम नाही. डब्ल्यूपीसीला, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्यांच्या मालाला, वाळवी लागत नाही; मात्र ते उन्हात चांगलंच तापतं आणि फूट-सव्वा फुटावर आधार नसेल तर वाकतं.

दोन फळ्यांत ६ ते ८ मिलिमीटर फट हवी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच आणि फ्रेमच्या खालून मारलेले, म्हणजे वर डोकी दिसत नाहीत, पाणी मुरत नाही आणि एखादी फळी खराब झाली तर तेवढीच काढून बदलता येते. तेलाचा हात दिवाळीनंतर द्या, पावसाची ओल पूर्ण गेल्यावर.