दोन लेगचा स्कोअरबोर्ड : चौथा रकाना स्क्रूवरच घ्या

बेळगावात शहापुरातल्या एका पेंटरकडं फुटबॉलच्या दोन लेगच्या नॉकआउटसाठी (तेच दोन संघ दोन सामने खेळतात, एकूण गोलांवर एक बाहेर) म्हणून खास स्कोअरबोर्ड करून मिळतो. चार बाय तीन फुटांची एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकची) शीट, मागं लोखंडी चौकट, काळ्यावर पांढरी अक्षरं. संघांच्या आडव्या दोन ओळी आणि उभे चार रकाने : पहिला लेग, दुसरा लेग, एकूण, अवे गोल (म्हणजे समोरच्याच्या मैदानावर मारलेले). आकड्यांच्या पट्ट्या हुकाला अडकवायच्या. नावाच्या पट्ट्या मराठी-कन्नड दोन्हींत मिळतात. दीड फुटात ‘खानापूर’ मोकळं बसतं, ‘गडहिंग्लज’ची मात्र दाटी होते.

बोर्ड म्हणून काम चोख आहे. एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी लगद्याचा) बोर्ड खानापूरकडच्या पहिल्याच पावसात कडेनं फुगतो, हा फुगत नाही. पलीकडच्या गोलपोस्टमागूनही आकडे वाचता येतात. खोट आहे ती पट्ट्यांच्या हिशोबात. सेटमध्ये ० ते ९ प्रत्येकी चार, अशा ४० पट्ट्या येतात आणि हुक आहेत आठ. पहिला लेग ०-० सुटला की दुसऱ्याच्या किक-ऑफला आठही हुकांवर शून्य लागतं, हातात शून्यं चारच. दोन्ही लेग १-१ झाले तर १ च्या सहा पट्ट्या हव्यात. उलट ७ आणि ८ पिशवीतच पडून राहतात. त्यापेक्षा शून्यं आठ, १ च्या सहा, २ आणि ३ प्रत्येकी चार, बाकीच्या दोन-दोन असं सांगून घ्यावं. ६ च्या पट्टीला वर-खाली दोन्हीकडं भोक पाडून घेतलं की तीच ९ म्हणून चालते. एका हुकावरची पट्टी वाऱ्यानं उलटीपालटी होते, म्हणून खालच्या टोकाला रबर लावायला एक खिळा हवाच.

आता चौथा रकाना. त्याच्या खाली पेंटरनं आपल्या मनानं ‘१ अवे गोल = २’ असं रंगवून दिलंय. हे पुसूनच घ्या. अवे गोल कधीच दुप्पट धरत नाहीत. आधी दोन्ही लेगची बेरीज, ती समान आली तरच कुणी बाहेर जास्त गोल मारले ते बघायचं. समजा पहिला लेग खानापुरात, खानापूर ३, निपाणी २. दुसरा निपाणीत ०-०. बेरीज ३-२, खानापूर पुढं, विषय संपला. पेंटरच्या हिशोबानं निपाणीचे चार होतात आणि हरलेला संघ फायनलला जातो!

मुळात हा रकाना हवाच का? युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, हा नियम १९६५-६६ च्या कप विनर्स कपमध्ये (देशोदेशीच्या कपविजेत्या क्लबांची स्पर्धा) आणला. त्याआधी बरोबरी झाली की तटस्थ मैदानावर तिसरा सामना, तिथंही बरोबरीच राहिली तर टॉस. लिव्हरपूल आणि कोलोन या क्लबांचा निकाल १९६५ मध्ये रॉटरडॅमला तसाच लागला होता. पाहुण्या संघानं नुसतं बचावात बसू नये, हा नियमाचा हेतू. पुढं उलटंच होऊ लागलं : एक गोल खाल्ला तर महागात पडेल म्हणून पहिल्या लेगला यजमानच हात राखून खेळू लागले. शिवाय घरच्या मैदानाचा फायदाही आटला. युएफाच्याच आकड्यांत सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून यजमानांचे विजय ६१ टक्क्यांवरून ४७ वर आले, पाहुण्यांचे १९ वरून ३० वर गेले. २०२१-२२ च्या हंगामापासून युएफानं नियम काढून टाकला. आता बेरीज समान झाली की पंधरा-पंधरा मिनिटांचा जादा वेळ, मग पेनल्टी.

आपल्याकडं तर दोन्ही लेग बऱ्याचदा एकाच मैदानावर उरकतात. मग ‘अवे’ कुठला? २००३ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला मिलान आणि इंटरचं हेच झालं. दोन्ही सामने सान सिरोवर, दोघांच्याही घरच्या मैदानावर, ०-० आणि १-१. दुसरा लेग कागदावर इंटरच्या घरचा, म्हणून मिलानचा गोल अवे ठरला आणि मिलान फायनलला. खानापूरचा संघ खरोखर टेम्पो करून निपाणीला जाणार असेल तर या रकान्याला थोडा तरी अर्थ आहे.

नियम ठेवायचाच असेल तर जादा वेळेतले अवे गोल धरायचे की नाही, हे ड्रॉच्या (कोण कुणाशी खेळणार त्या) कागदावर आधी लिहा. १९७१ मध्ये त्याच कप विनर्स कपमध्ये स्कॉटलंडचे रेंजर्स घरी ३-२ जिंकले, पोर्तुगालमध्ये लिस्बनला स्पोर्टिंग क्लबकडून जादा वेळेत ४-३ हरले. बेरीज ६-६. रेफरीनं पेनल्टी घेतल्या, त्यात रेंजर्स हरले. नंतर चूक लक्षात आली : जादा वेळेतला धरून रेंजर्सचे बाहेरचे गोल तीन, स्पोर्टिंगचे दोन. निकाल फिरला आणि पुढं कपही रेंजर्सनंच नेला. असा घोळ गावातल्या मैदानावर झाला तर निस्तरायला युएफाचा माणूस येत नाही.

एकूण बोर्ड घेण्यासारखा आहे, पण ऑर्डर देताना चौथा रकाना रंगवून घेऊ नका. नऊ इंच रुंदीची वेगळी पट्टी करून चार स्क्रूंवर बसवायला सांगा, आणि तिच्याच मागच्या बाजूला ‘पेनल्टी’ लिहून घ्या. सध्याच्या बोर्डावर पेनल्टीचे गोल दाखवायला जागाच नाही. हुक दोन्ही बाजूंना लागतील.