पद्मिनीचं इंटिरिअर ४७ हजारात, १४ महिने वापरल्यावर कसं आहे

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९९१ ला सेकंडहँड घेतलेली, पेट्रोल, हातगिअर म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीवरचा गिअर, आणि पुढं बाकासारखी सलग सीट. घरात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. इंजिन ठणठणीत होतं पण आत बसवत नव्हतं. छताचं लायनिंग लोंबून डोक्याला लागायचं, मागच्या सीटची स्प्रिंग रेक्झिन फाडून वर आलेली, आणि एक पाऊस झाला की आठवडाभर कुबट वास. आई दोन वर्षं तिच्यात बसली नव्हती. तेव्हा गेल्या वर्षी जानेवारीत ठरवलं की फक्त आतलं काम करायचं आणि ४५ हजारांच्या वर जायचं नाही. फेब्रुवारीअखेर काम संपलं. आता एप्रिल आहे, मध्ये एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा गेला, गाडी ६,२०० किलोमीटर चालली, म्हणून आता लिहितोय. नवं काम झाल्याझाल्या सगळंच छान दिसतं, तेव्हा लिहिण्यात अर्थ नव्हता.

सगळ्यात आधी सांगतो, सीट आणि रेक्झिनला हात लावण्याआधी मॅट उचला. मी उचलली तर खालचा नमदा, म्हणजे जाड लोकरीसारखा थर, ओला चिंब, जानेवारीत, पाऊस जाऊन तीन महिने झाले तरी. ड्रायव्हरच्या टाचेखाली नाण्याएवढी तीन भोकं, आणि मागे डाव्या बाजूला स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर पत्र्यातून आरपार गेला. दोन ठिकाणी कोटेशन घेतलं तर दोघांचंही एकच, दादा वरून नवी मॅट टाकतो, दिसणार पण नाही. मला ते पटलं नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा रंग, त्यावर डांबरासारखा रबरी कोट, खालून पण आणि वरून पण. ९,५०० गेले. बजेटचा पाचवा हिस्सा अशा कामात गेला जे कुणाला कधीच दिसणार नाही, आणि आज मला विचाराल तर सगळ्यात समाधान त्याचंच आहे. (वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढायला सांगा, सांगितल्याशिवाय काढत नाहीत.)

पण पत्रा सडला कशामुळे ते शोधलं नाही तर पाच वर्षांनी परत तेच. मी टॉर्च घेऊन आत बसलो आणि धाकट्या भावानं बाहेरून पाइपनं पाणी मारलं, अर्धा तास. पुढच्या काचेच्या रबराच्या डाव्या कोपऱ्यातून धार आली, ते अपेक्षित होतं. दरवाजांचं मात्र मला माहीत नव्हतं. दरवाजाच्या काचेशेजारून थोडं पाणी दरवाजाच्या पोटात जाणारच, गाडी नवी असली तरी जातं, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला पाहिजे. आमच्या चारही दरवाजांची ती भोकं माती आणि जुन्या रंगानं बुजलेली. त्यात भर म्हणजे आतल्या पॅनलच्या मागे जो प्लॅस्टिकचा कागद असतो तो कुणीतरी कधीतरी काच दुरुस्त करताना फाडून टाकलेला, त्यामुळे सगळं पाणी हार्डबोर्डला. म्हणून पॅनल खालून फुगून पापडासारखे झालेले. भोकं सायकलच्या स्पोकनं मोकळी केली, खर्च शून्य. काचेचं रबर आणि दरवाजांच्या कडेच्या रबरी पट्ट्या (बीडिंग) नव्या घातल्या, ६,२०० मजुरीसकट.

दरवाजाचे पॅनल मी घरीच केले. जुने पॅनल साच्यासारखे ठेवून ३ मिमी हार्डबोर्ड कापला. प्लाय घ्यायचा मोह झाला होता पण जाड प्लायवर मूळ क्लिपा बसत नाहीत, ते ध्यानात ठेवा. कापल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांना तर जास्तच, ऑइलपेंटचे दोन हात दिले, वाळल्यावर पातळ फोम आणि रेक्झिन चिकटवलं, मागे जाड प्लॅस्टिक लावलं. चारही मिळून २,३०० आणि तीन रविवार. ऑक्टोबरमध्ये मुद्दाम एक पॅनल खोलून बघितला, कोरडा ठणठणीत.

आता सीट. हे काम पुण्यात नाना पेठेत दिलं, तिथले चाचा चाळीस वर्षं कुशनचंच काम करतायत. त्यांचं म्हणणं होतं की स्प्रिंगा काढून टाकू, अख्खा फोम भरू, काम लवकर होईल आणि स्वस्त. मी म्हटलं चाचा, या गाडीची बैठकच स्प्रिंगची आहे, खड्ड्यात जो हलका झोका बसतो तो मला पाहिजे. शेवटी ऐकलं त्यांनी. आतला काथ्या कुजलेला होता, उंदरांनी पण पोखरलेला, तो सगळा काढला. दोन तुटलेल्या स्प्रिंगा बदलल्या, बाकीच्या तारेनं एकमेकींना बांधून सरळ केल्या, वर गोणपाट, मग दोन इंच ४० डेन्सिटी फोम आणि वर एक इंच ३२ चा. इथं चूक झाली. बाबा बसले तर त्यांचं डोकं छताला आणि माझी मांडी स्टेअरिंगला लागायला लागली. नवा फोम काथ्यासारखा दबत नाही हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. परत खोलून खालचा फोम एक इंच कमी केला, चाचांनी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तुम्ही करणार असाल तर रेक्झिन शिवायच्या आधी नुसत्या फोमवर बसून बघा, दरवाजा लावून, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवून.

रंगाचं एक सांगायचंय. बाहेरून रेक्झिन उन्हानं करडं तपकिरी झालेलं, सगळे म्हणाले ब्राऊन घे. सीट उलटी केल्यावर खाली दुमडलेल्या पट्टीत मूळ रंग सापडला, गडद विटकरी, अगदी ताजा. बाबा ती पट्टी हातात धरून बराच वेळ बघत बसले, घेतली तेव्हा अशी होती म्हणाले. मग ती पट्टी खिशात घेऊन दुकानं फिरलो. हुबेहूब नाही मिळालं पण जवळचं मिळालं, ४८० रुपये मीटर, ५४ इंच पन्हा, ९ मीटर लागलं. रेक्झिन, फोम, मजुरी धरून दोन्ही सीट १६ हजारात.

चौदा महिन्यांनी सीटची हालत अशी आहे की बैठक अजिबात दबलेली नाही, झोका तसाच आहे. रेक्झिन मे महिन्यात तापतं, उन्हात उभी केली की बसताना चटका बसतो, त्यावर पांढरी सुती चादर हाच उपाय, पूर्वी सगळे टाकायचेच. ड्रायव्हरच्या बाजूला जिथून आपण सरकत आत बसतो तिथली पायपिंग, म्हणजे सीटच्या कडेच्या शिवणीतली गोल पट्टी, मात्र उसवायला लागली आहे. दोरा साधा सुती वापरला गेला, मी विचारलंच नाही. नायलॉनचा दोरा सांगून घ्या, पैशात फरक नगण्य आहे.

छताचं लायनिंग हे या सगळ्यात फसलेलं काम. ते तारेच्या कमानींवर ताणलेलं असतं, प्रत्येक कमानीचा बाक आणि लांबी वेगळी, त्यामुळे काढताना प्रत्येकीवर टेप लावून नंबर घाला, पुढची कुठली मागची कुठली नंतर कळत नाही. हे काम मी घराजवळच्या दुसऱ्या एका कारागिराला दिलं, ५,५०० मध्ये. बसवलं सुरेख, एक सुरकुती नाही. पण कडा चिकटवायला साधं सोल्युशन लावलं आणि मे महिन्यात बंद गाडी तापली तशी मागच्या काचेवरची अख्खी कड सुटून खाली आली. नंतर चाचांकडून उष्णता सोसणारं सोल्युशन लावून ती बाजू परत ताणून घेतली, १,८०० वेगळे. या उन्हाळ्यात आत्तापर्यंत तरी घट्ट आहे.

खाली कार्पेट टाकू नका असंच सांगेन. पावसाळ्यात ओले बूट, ओल्या छत्र्या, ते पाणी कार्पेट धरून ठेवतं आणि परत पत्रा सडतो. मी नवा नमदा आणि वर रबरी मॅट घातली, ३,८०० मध्ये, आणि मॅट चिकटवलेली नाही, मुद्दाम. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उचलून खाली हात फिरवतो. स्टेअरिंगला तडे होते ते एम-सीलनं भरून, आधी १२० मग ४०० चा पेपर मारून रंगवलं. बारा-तेरा महिन्यांनी एका तड्याची रेघ पुन्हा दिसायला लागली आहे, हाताला लागत नाही.

काच खालीवर करायची हँडलं आणि दरवाजाची दोन लॉक कुर्ल्याच्या भंगारात मिळाली, स्टेअरिंगच्या सामानासकट १,९०० मध्ये सगळं. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून गेली, त्या आधीच्या टॅक्सींचे सुटे भाग अजून कुठंकुठं पडलेले असतात. ही गाडी कुर्ल्यातच बनायची. तिथल्याच एका गाळ्यात पोत्यातून हँडल निवडताना माझ्या मनात काय काय आलं ते लिहिता येणार नाही. ज्यांना पार्ट पाहिजेत त्यांनी लवकर जा, दरवेळी पोतं लहान झालेलं दिसतं. पुण्यात जुन्या बाजारात पण बुधवारी-रविवारी नशीब असेल तर मिळतं.

हिशोब ४५,२०० वर थांबला होता, लायनिंग परत ताणल्याचे १,८०० धरून ४७ हजार. म्युझिक सिस्टिम, एसी, सीट कव्हर यातलं काही केलं नाही, आणि केलं असतं तर पत्र्याचे पैसे उरले नसते.

ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन कुंभार्ली घाटातून गुहागरला गेलो. कोयनानगर सोडल्यापासून चिपळूणपर्यंत पाऊस थांबला नाही, वायपर पुरत नव्हते. मी सारखा पायाखाली हात लावून बघत होतो. कोरडं. आई मागे पाय वर घेऊन मांडी घालून बसली होती, घाटातच तिला झोप लागली. गुहागरला पोचल्यावर मॅट उचलून बघितली, पुढच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर ओल होती फक्त, काचेच्या रबराखालची. तिथं परत सीलंट भरून घेतलंय, ते टिकतंय का हे या पावसाळ्यात कळेल. पायपिंग मात्र मे संपायच्या आत शिवून घेणार, उरलेलं पाऊण मीटर रेक्झिन त्यासाठी गुंडाळून कपाटावर ठेवलंय.