मळमळीसाठी मनगटाचा बँड : ७ महिने वापरून

बँड घातला आणि मळमळ पळाली, असं काही झालेलं नाही. तरी ७ महिने झाले, मी तो वापरतेच आहे.

मधुमेह ११ वर्षांचा, आणि गेली ३ वर्षं गॅस्ट्रोपॅरेसिस. म्हणजे जठर फार सावकाश रिकामं होतं. सकाळचे चार घास संध्याकाळपर्यंत छातीशी बसून असतात. उलटी झाली तर निदान मोकळं तरी वाटतं, हे नुसतं ढवळत राहणं जीव नकोसा करतं. मळमळीवरची मेटोक्लोप्रमाइड ही गोळी डॉक्टर १२ आठवड्यांपुढे सहसा चालू ठेवत नाहीत, कारण तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली कायमच्या मागे लागू शकतात. दुसरी गोळी ऑन्डान्सेट्रॉन, तिने बद्धकोष्ठता होते; माझ्या पोटाला तेवढंच कमी होतं! म्हणून गोळ्यांच्या मधल्या वेळेसाठी हा बँड.

साधी इलॅस्टिकची पट्टी, आतून प्लॅस्टिकचं बटण; ते मनगटाजवळचा अ‍ॅक्युप्रेशरचा बिंदू दाबून धरतं. पहिले दोन आठवडे मी बटण थेट मनगटाच्या घडीवर ठेवत होते आणि काही होत नाही म्हणून चिडत होते. मग माहितीपत्रक नीट वाचलं. घडीच्या खाली, कोपराच्या बाजूला, दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवायची. ती संपतात तिथे, मूठ वळल्यावर उठून दिसणाऱ्या दोन दोऱ्यांच्या मधोमध बटण.

रोजची, दिवसभर तळाशी असणारी मळमळ याने तसूभर हलत नाही. पण अचानक लाट येते, तोंडात पाणी सुटायला लागतं, तेव्हा बटण अंगठ्याने दाबून धरलं तर दहापैकी चारेक वेळा उमासे येण्याआधीच ती ओसरते. या बिंदूवरचे बरेचसे अभ्यास शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर झालेत, माझ्यासारख्या पोटावर नाही. मनाचा खेळ असेल तर तोही चालेल मला.

तक्रारी आहेत. बटणाखालून हाताची मुख्य नस जाते, घट्ट झालं की बोटांना मुंग्या येतात. मधुमेहाने माझ्या बोटांना तशाही मुंग्या असतात, त्यामुळे कळायला उशीर होतो. एकदा सकाळी उठले तर कातडीत गोल खड्डा आणि अंगठा बधिर. आता रात्री घालत नाही. चौथ्या महिन्यात एक पट्टी सैल पडली, तिला टाका घालून चालवते आहे.

खरं तर बँडपेक्षा जास्त उपयोग इन्सुलिनआधी कातडी पुसायच्या अल्कोहोल स्वॅबचा झाला. फोडून नाकाशी धरायचा आणि सावकाश दोन-तीन श्वास घ्यायचे. इमर्जन्सी विभागांत यावर चाचण्या झाल्या आहेत, आणि माझ्याकडे तर खोकाभर पडलेलेच असतात. मात्र इन्सुलिन घेतलं आणि जेवण उलटून पडलं, तर बँड नाही नि स्वॅब नाही, तिथे साखर तपासणं आणि डॉक्टरांना फोन.

नवी जोडी मागवली आहे, या वेळी एक माप मोठी.