बिने-कामत की मालिन? मुलाच्या गुणांत मोठी तफावत असेल तेव्हा

तोंडी उत्तरे चटकन देणारे मूल वहीत मात्र मागे पडू लागले की शिक्षक बुद्धिमापन करून घ्यायला सुचवतात, आणि आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या बाजूला, निदान माझ्या पाहण्यात, बिने-कामत किंवा मालिन यांपैकी एक चाचणी घेतली जाते. आमच्या मुलाच्या दोन्ही झाल्या.

बिने-कामत मी कमी लेखत नाही. कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवली, ती तिसऱ्या वर्षापासून घेता येते, आणि घरी अहिराणी बोलणारा आमचा बुजरा मुलगाही तिच्या प्रश्नोत्तरांत लवकर रुळला. अडचण निकालात आली. मूल आपल्या वयाखालचे काही प्रश्न चुकले आणि वरचे काही सोडवून गेले, तरी सगळ्याची बेरीज मानसिक वयात, म्हणजे मूल कितव्या वर्षाच्या मुलाइतके सोडवते या आकड्यात, होते व त्यातून एकच बुद्ध्यांक निघतो. आमच्या अहवालात तो आकडा आणि ‘सर्वसाधारण’ हा शेरा, एवढेच होते. मूल नेमके कुठे अडते हे विचारायला आम्ही गेलो होतो आणि त्याचेच उत्तर त्या कागदावर नव्हते, हे मला फार खुपले.

डॉ. मालिन यांनी १९६९ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून बेतलेल्या मापनात सहा शाब्दिक आणि पाच क्रियात्मक उपचाचण्या असून प्रत्येकीचे गुण वेगळे मिळतात. साम्य ओळखणे आणि ठोकळ्यांची रचना यांत मुलगा वयाच्या पुढे निघाला, तर अंकांखाली खुणा भरण्याच्या उपचाचणीत बराच खाली. तो प्रत्येक खुणेसाठी वरच्या नमुन्याकडे पाहत होता, पेन्सिल दाबून धरत होता, असे मानसतज्ज्ञ बाईंनी शेजारी लिहून दिले होते. म्हणजे तो खालचा आकडा समजेबद्दल नसून हाताच्या वेगाबद्दल असावा. वहीतही तेच दिसत होते. अशा वेळी एकत्रित बुद्ध्यांक ही केवळ सरासरी ठरते, आणि ती ना त्याच्या जमेच्या बाजूला लागू पडते ना अडचणीला.

मालिनची प्रमाणके, म्हणजे ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडतात ते त्या त्या वयाचे ठरवलेले गुण, जुनी असल्याने एकूण आकडा काहीसा सढळ येऊ शकतो, आणि एखादी उपचाचणी नुसत्या कंटाळ्यानेही घसरते. म्हणून एकाच खालच्या गुणावरून निष्कर्ष काढू नये, जोडीच्या उपचाचण्या आणि शाळेची वही शेजारी ठेवून पाहावे. मूल सहा वर्षांच्या आतले असेल तर मालिन लागू होत नाही, तिथे बिने-कामतच बरी. त्यापुढच्या वयात मात्र मी मालिनकडे झुकेन, आणि वेळ ठरवतानाच अहवालात प्रत्येक उपचाचणीचे गुण व निरीक्षणे लिहून मिळतील का, हे विचारून घेईन.