फ्लोरिडाचे थीम पार्क पास : लेकीला सवलत, आईवडिलांना पूर्ण भाव

बडोद्याच्या कारेलीबागेत संध्याकाळी फिरायला निघालं की अमेरिकेहून परतलेल्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. डिस्ने बघितलं का, हा पहिला. आणि त्याला जोडूनच, "मुलगी तिथलीच ना, मग पास स्वस्तात पडला असेल." नाही पडला. लेक-जावई फ्लोरिडातल्या टँपाला असतात. हिवाळाभर आम्ही दोघं त्यांच्याकडे होतो आणि या पासांचा हिशेब मी बँकेतल्या जुन्या सवयीने वहीत मांडत गेले. उन्हाळ्यात ज्यांचं जायचं ठरतंय त्यांच्यासाठी तो इथे उतरवते.

फ्लोरिडातल्या पार्कांची रहिवासी सवलत पत्त्यावर मिळते, नात्यावर नाही. डिस्नेत अठरा वर्षांवरच्या माणसाला फ्लोरिडाचं लायसन्स, स्टेट आयडी असा स्वतःच्या रहिवासाचा पुरावा लागतो. आपला पासपोर्ट आणि सहा महिन्यांचा आय-94 (पाहुण्यांना अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) एवढंच सांगतात की तुम्ही पाहुणे आहात. मुलीच्या घरी राहता, स्वयंपाक करता, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडता, याने काही बदलत नाही.

फरक किती, तर ऑक्टोबर 2024 च्या दरवाढीनंतर फ्लोरिडावाल्यांसाठीचा सगळ्यात स्वस्त वार्षिक पास, पिक्सी डस्ट, 469 डॉलरला होता. बाहेरच्या कुणालाही घेता येतो असा एकच वार्षिक पास म्हणजे इन्क्रेडी-पास, तो 1549 डॉलर. वर कर. दोघांचे मिळून अडीच लाख रुपयांच्या पुढे जातात. यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "एवढ्यात चारधाम होऊन वर उरतील." पिक्सी डस्ट चालतो बहुतेक करून सोमवार ते शुक्रवार, सणासुदीचे दिवस वगळून, आणि आधी पार्कचं बुकिंग करावं लागतं. म्हणजे नोकरी-शाळेच्या दिवशीच. आठवडाभर मोकळे असतात ते आजी-आजोबा, आणि त्यांनाच तो मिळत नाही! आमच्या लेकीची हॉस्पिटलातली ड्युटी असल्यामुळे तिला मधल्या वारी सुट्टी येते, म्हणून तिचा पास वसूल होतो. जावयाने घेतलेलाच नाही.

मग कुणी सांगतं, लेकीचाच पास वापरा. डिस्नेत शिरताना तिकीट किंवा पास टेकवला की शेजारच्या यंत्रावर बोट ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी ठेवलेलं बोट त्या तिकिटाशी बांधलं जातं, पुढच्या वेळी तेच लागतं. बोट नको असेल तर नावाचं फोटो ओळखपत्र दाखवता येतं, पण नाव तिकिटावरचंच हवं. यांनी पहिल्या दिवशी डाव्या हाताचं बोट ठेवलं, उजव्या हातात डबा होता म्हणून. नंतर दर खेपेला गेटापाशी आमची ठरलेली बोलाचाली, "अहो, डावं." लेकीचा पास माझ्या बोटाला उघडत नाही हे एवढ्यावरूनच कळावं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने मात्र कुणा दलालाकडून "उरलेल्या दिवसांची" तिकिटं घेतली होती. त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

लेकीच्या पासाचा आम्हाला फायदा झाला तो वेगळ्या वाटेने. गाडीच्या पार्किंगचे डिस्नेत दिवसाला 30 डॉलर होते, पासवाल्यांना ते माफ, आणि गाडी एकच, त्यामुळे सगळ्यांचं भागतं. बऱ्याच दुकानांत 20 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. नातीसाठी मिकीच्या कानांचा हेअरबँड आणि भाच्यांसाठीचे टी-शर्ट लेकीच्या नावावर घेतले.

आमच्यासाठी शेवटी चार दिवसांचं साधं तिकीट काढलं. दिवस वाढवले की रोजचा भाव उतरतो, पण चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत संपवावं लागतं. सहा महिने राहणार म्हणून महिन्याला एक दिवस वापरू, असं होत नाही. आमच्या गुडघ्यांनी सात दिवसांत डिस्नेचे चारही पार्क केले, एक दिवस पार्क, एक दिवस सोफा. मॅजिक किंगडमला गाडी लावल्यावर तळ्यापलीकडे जायला फेरीबोट किंवा मोनोरेल असते. बोटीतून जा, समोरून किल्ला मोठा होत येतो. एप्कॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, त्यात भारत नाही. भारत सापडतो ॲनिमल किंगडममध्ये, आनंदापूर नावाच्या काल्पनिक गावात. तिथे वाघ ठेवलेत ते पडक्या राजवाड्याच्या भिंतींआड. भिंतीवरचा रंग मुद्दाम उडवलेला, पोपडे मुद्दाम काढलेले. हे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लक्ष्मीविलास पॅलेसच्या मागच्या बाजूला आणा म्हणावं यांना, फुकटात दाखवू."

डिस्नेत घरचं खाणं नेता येतं, काचेची बाटली आणि दारू सोडून. थेपले, लिलो चिवडा (बडोद्याचा ओलसर चिवडा), सुकी भाजी सगळं गेटवरून सुखरूप आत गेलं.

पण महिनोन्‌महिने खरा वापर झाला तो दुसऱ्याच पासाचा. टँपाचं बुश गार्डन्स. वार्षिक पास घ्यायला फ्लोरिडाचे रहिवासी असण्याची अट नाही. डिस्नेच्या दोन दिवसांच्या तिकिटाच्या आसपास एका माणसाचा वर्षाचा पास पडला. 1959 साली बिअरच्या कारखान्याला जोडून ही बाग सुरू झाली, हे वाचून गुजरातेतून गेलेल्या यांना फार गंमत वाटली. लोक जातात तिथल्या रोलर कोस्टरसाठी. आम्ही त्यांच्याखालून चालत जायचो, वरून किंकाळ्या यायच्या. आमचं काम झाडांच्या सावलीत आणि आगगाडीत. 65 एकरांच्या मोकळ्या कुरणाभोवती ही गाडी फिरते, जिराफ, झेब्रे अगदी जवळ येतात. बडोद्याच्या कमाटीबागेतली झुकझुकगाडी आठवावी, तशीच, फक्त कुरण मोठं. सकाळी दोन तास जायचं, ऊन चढलं की घरी. एकदाच्या तिकिटात असं जमत नाही, पैसे वसूल करायला संध्याकाळपर्यंत पाय ओढावे लागतात. बाहेरचं जेवण आत चालत नाही, पाण्याची बाटली चालते. थेपले गाडीत.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र हिशेब वेगळा करावा. बडोद्याचं ऊन सोसलेल्याला तिथलं तापमान काही वाटणार नाही, घाम वाटेल. दुपारी गडगडाट झाला की वीज जवळ आल्यावर उघड्यावरच्या राइड्स बंद करतात. आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम.

युनिव्हर्सलच्या पार्कांना आम्ही गेलो नाही. तिथे बाहेरच्यांना वार्षिक पास मिळतो, पण फ्लोरिडावाल्यांपेक्षा जास्त भावात, आणि आमच्या वयाला पडद्यांपुढे हिसके देणाऱ्या त्या राइड्समध्ये रस नव्हता. नातवंडं दहा-बारा वर्षांची असतील तर तुमचं मत वेगळं पडेल.

जाण्याआधी मुलांना दोन गोष्टी विचारून घ्या: त्यांच्याकडे पास कुठला आहे, आणि कुठल्या वारी चालतो. बुश गार्डन्सचा पास मासिक हप्त्यावर मिळतो तो घेऊ नका, एकरकमी घ्या. हप्त्याचा पास वर्ष भरलं तरी रद्द करेपर्यंत चालूच राहतो, आणि तोवर आपण बडोद्यात, पैसे कापले जातात ते जावयाच्या कार्डावरून.